खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांना चालवण्याची घाई घरोघरी होते. परंतु त्याआधी त्यांना स्वतःच्या बळावर खुर्चीवरून उठता यायला हवे. अंथरुणात काढलेल्या दिवसांत मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू झपाट्याने अशक्त होतात, आणि शौचालयात बसण्या-उठण्यासाठी किंवा जिना चढण्यासाठी नेमके तेच लागतात.

पायावर किती भार द्यायचा हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावरच सुरुवात करावी, आणि पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्ट समोर असावेत. कृत्रिम सांधा बसवला असल्यास खुबा ९० अंशांहून अधिक वाकवण्यास अनेकदा मनाई असते; अशांनी बैठक गुडघ्यांपेक्षा उंच ठेवावी, फार पुढे न वाकता शस्त्रक्रियेचा पाय किंचित पुढे घ्यावा आणि हातांनी रेटा देऊन उठावे.

हात असलेली, बिनचाकाची, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पुढच्या कडेपर्यंत सरकून बसावे आणि मोठ्याने तीन अंक मोजत उठावे. मोठ्याने मोजल्याने श्वास रोखला जात नाही, आणि श्वास रोखल्याने वाढणारा रक्तदाब टळतो. खरी मेहनत मात्र खाली बसताना आहे. बहुतेक जण अखेरीस धपकन बसतात, आणि स्नायूंनी शरीराचा भार तोलून धरायचा तो क्षणच निसटतो. म्हणून बसतानाही तीन अंक मोजत, बैठकीचा स्पर्श होईपर्यंत ताबा सोडू नये. पाच ते आठ वेळा करून दोन मिनिटे विसावावे आणि जमल्यास आणखी एक फेरी करावी. एक दिवसाआड एवढे पुरते. शेवटच्या एक-दोन वेळा कष्ट जाणवावेत, पण बोलता येऊ नये इतका दम लागू नये.

पुढे वजने बांधण्याऐवजी हातांचा आधार कमी करावा: आधी दोन्ही हात, मग एक, मग केवळ बोटे. माझ्या मते घरच्यांनी दंडाला धरून उचलण्याचा मोह आवरणे इथे फार आवश्यक आहे. त्यांनी शेजारी सावध उभे राहावे.

स्नायू एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. खुब्यात किंवा जांघेत तीव्र कळ आली, चक्कर आली, छातीत दुखले किंवा अचानक धाप लागली, तर व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांना कळवावे. पोटरी सुजून दुखू लागल्यास रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून तिथेही वाट पाहू नये.

आहारात वजनाच्या दर किलोमागे रोज किमान १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. केवळ वरणभातावर ती भरत नाहीत. दूध, दही, अंडी, मासे किंवा उसळ दोन्ही जेवणांत असावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.