नागपूरहून कोकण किनारा, तोही भाड्याच्या गाडीने: या चुका टाळा

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. आणि महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे शाळेच्या भूगोलात आपण घोकलेलं. आकडे जवळजवळ सारखे, आणि नागपूरकर फसतो तो इथेच. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून, जिथे समृद्धी सुरू होतो, पहाटे निघून त्याच दिवशी ठाणे जिल्ह्यात उतरायची सवय लागली, की नकाशावर हरिहरेश्वर ते गणपतीपुळे बोटभर वाटतं. आम्ही ते साडेतीन तासांचं धरलं होतं. लागले नऊ.

कारण मधे तीन खाड्या आहेत. बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी, मग दाभोळ ते धोपावे, मग तवसाळ ते जयगड. तिन्ही ठिकाणी गाडी जंगलजेटीवर, म्हणजे फेरीबोटीवर चढवायची. पाण्यातला प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा, पण धक्क्यावर रांग किती हे तिथे गेल्यावरच कळतं. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत शनिवारी पोहोचलात तर दोन-तीन बोटी सहज सोडाव्या लागतात. तवसाळच्या धक्क्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा बोट डोळ्यांदेखत सुटली. तिकीटवाले काका शांतपणे म्हणाले, "ही गेली हो. पुढची येईल की, घाई काय?" मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बाप्पा, हे तं बैलगाडीपेक्षा हळू चालून राह्यलं."

तेव्हा किनाऱ्यावरचा दिवस आखताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि आधी खाड्या मोजा. माझा हिशोब आता असा: दिवसाला किनाऱ्याचे शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि फार तर दोन खाड्या. शेवटची बोट किती वाजता, हे सकाळी निघतानाच मुक्कामाच्या घरी विचारून घ्यायचं. ती चुकली तर दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूणचा मोठा वळसा पडतो, तोही रात्री, घाटवळणांतून. मोबाइलचा नकाशा कधी फेरीबोट धरून वेळ दाखवतो, कधी वगळून. दोन्ही पर्याय उघडून पाहा. आणि तो भाग नेटशिवाय चालेल असा उतरवून ठेवा, कारण गुहागरच्या खाली नेटवर्क मधूनमधून गायब होतं.

दुसरी चूक त्याहून आधी होते, नागपुरातच. किनारा कुठून धरायचा हे न ठरवता गाडी बुक करायची. अलिबाग, काशीद, मुरुड-जंजिरा करायचं असेल तर समृद्धीने आमणेपर्यंत आणि तिथून पनवेल-पेण हा मार्ग बरोबर. दापोली-हर्णै हवं असेल तर पुण्याला मुक्काम करून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरा. मालवण-वेंगुर्ल्यासाठी मात्र समृद्धीचा मोह सोडा. यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहे, त्याने कोल्हापूर गाठा आणि मग घाट उतरा. कुठूनही गेलात तरी जायला दोन दिवस आणि यायला दोन. पाच दिवसांच्या रजेत उरला एक. एका दिवसाच्या समुद्रासाठी चार दिवस स्टिअरिंग धरण्याला माझा तरी विरोध आहे.

म्हणून खरं सांगायचं तर नागपुरातून गाडी भाड्याने घेणं हीच अनेकदा मूळ चूक असते. विदर्भ एक्सप्रेसने किंवा दुरांतोने रात्री झोपून मुंबईला जा, नाहीतर रेल्वेने पुणे गाठा, आणि गाडी तिथून घ्या. आम्ही पहिल्या खेपेला नागपूरहूनच गाडी नेली. पॅकेज दिवसाला 300 किलोमीटरचं, सात दिवसांचे 2,100. घरी आलो तेव्हा 2,640 झाले होते. जादा 540 किलोमीटर, दर 12 रुपये, म्हणजे 6,480 रुपये. एवढ्यात दोघांची एसीची तिकिटं निघाली असती. सात-आठ दिवस, चौघं-पाच जण, गाडी चालवणारे दोघं असतील, तरच घरून निघण्यात अर्थ आहे.

गाडी घेताना आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीतला कोणी त्याची पांढऱ्या प्लेटची घरची गाडी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. खासगी गाडी भाड्याने दिल्याचं कळलं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि अपघाताच्या वेळी तो ओळखीतला फोन उचलेलच असं नाही.

मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मे महिन्यातलं ऊन, तापलेलं काँक्रीट आणि समृद्धीची ताशी 120 ची मर्यादा, यात जुना किंवा हवा कमी असलेला टायर फुटतो. पाच वर्षांपलीकडचा टायर दिसला तर मी दुसरी गाडी मागतो. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहे का, हे डिकी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सीएनजीची गाडी घेऊ नका: डिकीत टाकी, सामान मांडीवर, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत पंप शोधत फिरणं. पेट्रोलसुद्धा अर्ध्यावर आलं की भरून टाका.

सात सीटर मोठी गाडी ही आणखी एक हौस. केळशी, आंजर्ले, अशा गावांतल्या वाटा नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातात आणि दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे. समोरून एसटी आली की तुम्हालाच मागे घ्यावी लागते, आणि जांभा पत्र्याला किसणीसारखा लागतो. आमच्या डाव्या दारावरचा ओरखडा आंजर्ल्याचा. तो आधीचा नाही हे नीट कळत होतं, कारण गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढला होता. त्या व्हिडिओमुळे बंपरवरचे जुने तीन ओरखडे मात्र आमच्या नावावर चढले नाहीत.

आता सगळ्यात महागडी चूक: गाडी पुळणीत उतरवणं. ओहोटीला वाळू टणक दिसते, दोन-चार गाड्या फिरत असतात, मुलं हट्ट धरतात. भरतीचं पाणी मात्र मागून, ओहोळातून येतं आणि लक्षात येत नाही. भाड्याच्या गाडीत समुद्राचं पाणी शिरलं तर करारातल्या बारीक अक्षरांत त्याचा भुर्दंड बहुतेक तुमच्याच माथी असतो. गाडी रस्त्यावर ठेवा, चालत जा.

तरी अडकलीच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हातांनी काढा, टायरची हवा 20 पीएसआयच्या आसपास आणा, चाकांखाली गाडीतली पायपुसणी सरकवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. बाहेर आल्यावर पहिल्या पंपावर हवा भरेपर्यंत सावकाश चालवा. पाणी चढत असेल तर प्रयोग करत बसू नका, सरळ गावातला ट्रॅक्टर बोलवा.

भरती कधी हे कोकणातले लोक पंचांगावरून सांगतात, आणि कालनिर्णय तर आपल्याही भिंतीवर आहे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला. हा ढोबळ हिशोब आहे, पण पोहायला कधी जावं आणि मुलांना कधी पाण्याबाहेर ठेवावं एवढं त्यावर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं.

पावसाळ्यात घाट सुंदर, पण जंजिरा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हे विसरून जुलैत जाणारे दरवर्षी भेटतात. मासेही तेव्हा कमी: जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर बंदी असते.

घरगुती मुक्कामात रात्रीचं जेवण दुपारीच सांगावं लागतं. रात्री नऊला पोहोचून "काही मिळेल का?" विचारलंत तर आमटी-भातावर निभवा. सावजीची सवय असलेल्यांनी तिखटाची पुडी सोबत न्यावी, यात लाज नाही.

परतीला गाडी चिपळूण किंवा कोल्हापुरात खालून धुऊन घ्या. खारं पाणी आणि वाळू पत्र्याला लागलेली तशीच राहिली तर गाडी जमा करताना सफाईचे पैसे कापतात. आमचे कापले, 800 रुपये. वर आठवड्याने मानेवाड्याच्या घरी आईची पिशवी झटकली तर त्यातूनही मूठभर वाळू पडली.