ओगेम: ओलिताला जाण्याआधी ताफा हवेत सोडा

ओगेम हा अंतराळात ग्रह वाढवायचा आणि जहाजांचे ताफे लढवायचा ऑनलाइन खेळ. तो ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे साध्या मोबाइलवर आणि गावातल्या अडखळत्या नेटवरही जमतो. गोची एवढीच की तुमची लाइन गेली तरी खेळ थांबत नाही.

सुरुवातीला ५०० धातू आणि ५०० स्फटिक मिळतात. आधी सौर केंद्र बांधा (७५ धातू, ३० स्फटिक). त्यातून २२ ऊर्जा मिळते. धातूची आणि स्फटिकाची पहिली खाण प्रत्येकी ११ खाते, म्हणजे हिशेब बरोबर बसला. आता खाण वाढवायची तर आधी सौर केंद्र दुसऱ्या पातळीवर न्या. ऊर्जा कमी पडली की सगळ्याच खाणींचं उत्पादन घसरतं. एका डीपीवर जास्त मोटारी लावल्यासारखं! गोदाम भरलं तर त्या मालाचं उत्पादन थांबतं, तेही पाहत जा.

खरा घात रात्री होतो. हल्लेखोर जिंकला तर ग्रहावरचा सहसा निम्म्यापर्यंत माल नेतो, उभी जहाजंही फुटतात. उडत्या ताफ्यावर मात्र हल्ला करता येत नाही. दुसरा ग्रह झाला की मालवाहू जहाजांत माल भरा (छोट्यात ५,००० मावतो) आणि ताफा तिकडे तैनातीवर पाठवा. थ्री-फेजची पाळी रात्री असेल, तर वावरातून परतायची वेळ धरून वेग कमी करा, अगदी १० टक्क्यांपर्यंत. ताफा तुमच्या आधी पोचला तर सगळं मुसळ केरात. इंधनापुरतं ड्युटेरियम शिल्लक ठेवा, नाहीतर ताफा जागचा हलणार नाही.