गाजर हलवा: साखर कधी घालायची?

नाशकात थंडी पडली की मंडईत लाल, लांबट गाजरं दिसू लागतात. हलव्याला तीच घ्या. १ किलो गाजरं सोला, मधला पिवळट दांडा काढून जाडसर किसा. बारीक किसलं की लगदा होतो.

जाड बुडाच्या कढईत ३ मोठे चमचे तुपावर कीस ८-१० मिनिटं परता, मग १ लिटर म्हशीचं दूध ओता. कडेला धरलेली साय खरवडून आत ढकलत राहा, खरी चव तिथेच. दूध पूर्ण आटल्यावरच २०० ग्रॅम साखर. आधी घातली तर कीस चिवट राहतो. आता पाणी सुटेल, घाबरू नका. हलवा कडा सोडेपर्यंत परता.

द्राक्षांच्या गावात बेदाण्यांना काय तोटा! पण ते वेलदोड्यासोबत अगदी शेवटी. आंबट निघाले तर दूध नासतं.