घरी बनवलेल्या गिटारचा फिंगरबोर्ड सपाट कसा करावा

लातुरात मे महिन्यात, दुपारी कूलर बंद असताना तपासलेला फिंगरबोर्ड (मानेवरची, तारांखालची लाकडी पट्टी) रात्रभर कूलरच्या ओल्या हवेत राहिला की सकाळी तसाच सापडेल याची खात्री नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि आपल्या मराठवाड्यात हा फरक एका दिवसातही दिसतो. म्हणून घासायची घाई करू नका. चार-पाच दिवस एकाच खोलीत, एकाच वेळेला मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आकडे स्थिर झाले की मगच पॉलिश पेपर हातात घ्या.

हे मी शिकलो ते एक गिटार वाया घालवून. तिची मान जुन्या माळवदाच्या सागवानी तुळईतून काढलेली होती, वर शिसवीची पट्टी. पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या गोंदाने चिकटवली आणि दुसऱ्याच दिवशी घासून आरशासारखी केली. गोंदातलं पाणी सांध्याजवळच्या लाकडात मुरलेलं होतं, त्यामुळे तिथलं लाकूड फुगून मान मागे वाकली होती. मी तो फुगवटा घासून काढला. पंधरा दिवसांत पाणी उडालं, मान जागेवर आली आणि जिथे फुगवटा घासला होता तिथे खड्डा पडला. फार वाईट वाटलं होतं. आता चिकटवल्यावर दहा-बारा दिवस गिटारला हातही लावत नाही. सागाला तेलकटपणा असतो, त्यामुळे चिकटवण्याआधी तो भाग ॲसिटोनने पुसून घेतो.

आधी पट्टीची परीक्षा

फिंगरबोर्डापेक्षा सरळ पट्टी लागते आणि बाजारातली प्रत्येक पट्टी सरळ नसते. ६० सेंटिमीटरची जाड स्टीलची पट्टी घ्या. प्लायवूडवर ठेवून तिच्या कडेने टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ ओढा. मग तीच कड त्याच रेघेवर येईल अशी पट्टी पालथी करा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली तर पट्टीचा दोष त्या फटीच्या निम्मा.

दुसरी वस्तू फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा. मोटारसायकलचं टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिककडे ती असते, आणि ओळख असेल तर तासाभरासाठी देतोही. ०.०५ मिलिमीटरपासूनच्या पात्या असतील तर उत्तम.

तपासणी

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे फिंगरबोर्ड चिकटला आहे, पण फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अजून ठोकलेले नाहीत. मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली लोखंडी सळई) असेल तर आधी तो ढिला करा, मान शक्य तितकी सरळ आणा. रॉडने सुटणारा बाक घासून काढू नका.

गिटार टेबलावर ठेवा. शरीराखाली आणि मानेच्या टोकाखाली घडी घातलेलं पोतं ठेवा. मान अधांतरी असेल तर हाताच्या दाबाने वाकते आणि चुकीचं लाकूड निघतं. मोजताना जसा आधार होता तसाच घासतानाही ठेवा.

आता पट्टी उभी धरून तीन ठिकाणी लांबीने ठेवा: मधोमध, जाड तारेखाली, बारीक तारेखाली. पलीकडे खिडकी किंवा मोबाइलची टॉर्च ठेवा. प्रकाश दिसतो तिथे खोलगट. पट्टी सी-सॉसारखी डुलली तर ज्यावर डुलते तो उंचवटा. फटीत फिलर गेजची पाती घालून आकडा घ्या आणि खडूने जागेवरच लिहा. शिसवीवर पेन्सिल दिसत नाही, शाळेतला खडू बरा.

पीळ वेगळा तपासायचा. दोन सारख्या पट्ट्या आडव्या ठेवा, एक नटजवळ (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) आणि एक शेवटी, आणि मागून डोळा लावून बघा. वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर मानेला पीळ आहे. थोडा असेल तर घासून निघतो. जास्त असेल तर फिंगरबोर्ड घासून तो निघणार नाही, मानच नवी करावी लागते.

मान शरीराला मिळते तिथे, चौदाव्या फ्रेटच्या आसपास, विशेष लक्ष द्या. पावसाळ्यात वरची पाटी फुगून फिंगरबोर्डाचं शेपूट उचलते आणि उन्हाळ्यात खाली बसते. घरी बनवलेल्या गिटारीत खोड सर्वांत जास्त इथेच सापडते.

घासणं

ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून दीड-दोन फुटांचा चौकोनी पाइप घ्या, तो पट्टीवर तपासा, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर लावा. ६५० मिलिमीटर स्केलच्या (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) गिटारीत नटपासून विसाव्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे ४४५ मिलिमीटर असतं, म्हणजे पाइप सगळीकडे पोचतो. आखूड ठोकळ्याने घासलं तर खड्डे तसेच राहतात.

पूर्ण फिंगरबोर्डावर खडूच्या आडव्या रेघा मारा. दाब न देता, पाइपच्या वजनावर, लांबीने दहा फेऱ्या मारा आणि पुसून बघा. उंच जागची खडू आधी जाते. प्रत्येक वेळी पाइपची टोकं उलटसुलट करून धरा. फिंगरबोर्ड गोलाकार असेल तर पाइप प्रत्येक तारेच्या वाटेवर एकेक करून चालवा. सगळीकडची खडू एकदम गेली की १२०, २२०, शेवटी ३२०. तोंडाला मास्क हवाच, शिसवाची भुकटी अंगाला आणि श्वासाला लागते. साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या फिंगरबोर्डातून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त काढायची पाळी आली तर थांबा, कारण दोष मानेच्या सांध्यात असू शकतो.

शेवटच्या भागाला किंचित उतार देऊन ठेवा. आखूड ठोकळ्याचं एक टोक दहाव्या फ्रेटजवळ मास्किंग टेपच्या दोन-तीन थरांवर टेकवा आणि घासा. शेवटच्या फ्रेटजवळ ०.२ मिलिमीटर खाली गेलं तरी पुरे.

घासल्याने फ्रेटच्या खाचा उथळ होतात. त्यातली भुकटी काढा, खोली मोजा आणि लागलीच तर बारीक करवतीने खोल करा.

फ्रेट आधीच बसवलेले असतील तर

जुन्या एटीएम कार्डची कड तीन फ्रेटवर उभी टेकवा. डुललं तर मधला फ्रेट उंच आहे. एका वेळी तीनच फ्रेट टेकले पाहिजेत, त्यामुळे वरच्या भागात आखूड बाजू वापरा किंवा कार्ड कापून घ्या. एकच फ्रेट उंच असेल तर तो नीट ठोकून बसवा. चार-पाच सलग फ्रेट उंच असतील तर दोष लाकडातच आहे. मग फ्रेट सोल्डरिंग आयर्नने गरम करून, पकडीने हळूहळू उचलून काढा, घाईत चिपा उडतात.

शेवटी तारा चढवा. ॲकूस्टिक गिटारच्या लाइट सेटच्या (पातळ स्टीलच्या) सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर असतो, त्याने मान थोडी पुढे येते. दोन दिवसांनी जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या फ्रेटवर तारेखाली ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. तेवढी मिळाली की वहीत तारीख आणि आकडा लिहा, आणि श्रावणात पुन्हा एकदा पाती घालून बघा.