जादा पाटा आणि मागचे ब्रेक

कांद्याच्या हंगामात लासलगावहून भाडे भरताना पिकअप मागून फार बसते, म्हणून मी मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगमध्ये एकेक जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, घालून घेतला. गाडी ताठ उभी राहिली खरी. पण कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की नाक खाली जाई, मागची चाके जेमतेम धरत, आणि दोन महिन्यांतच पुढचे ब्रेक पॅड लोखंडापर्यंत झिजले. ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलिंडर बदलला, तो खर्च वायाच गेला.

शेवटी गाडीखाली शिरल्यावर मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) व्हॉल्व्हपर्यंत गेलेली बारीक दांडी दिसली. माल भरून चासी खाली आली की ही दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. जादा पाट्यामुळे चासी बसेनाशी झाल्याने व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम रिकामीच होती. दांडी अंदाजाने वाकवण्याचा सल्ला मी मानला नाही, कारण मग रिकाम्या गाडीची मागची चाके ओल्या रस्त्यावर जाम होऊन घसरू शकतात. जादा पाटे काढले, दांडी सर्व्हिस पुस्तिकेतील मापाने लावून घेतली, आणि आता दर खेपेला चार गोण्या कमी भरतो.