नाशिकच्या मुरमाड वाटांवर ग्रॅव्हल सायकल : या चुका टाळा

नाशिकहून कुठल्याही दिशेला तासभर सायकल मारली की डांबर सोडता येतं. पश्चिमेला गिरणारे, वाघेरा, हरसूल : मुरूम, चढ आणि भातखाचरं. पूर्वेला निफाड, नांदूर मध्यमेश्वर : काळी जमीन, पाटाच्या कडेचे रस्ते, द्राक्षबागा. ग्रॅव्हल सायकलसाठी, म्हणजे रोड बाइकसारख्याच पण रुंद टायरच्या, कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या सायकलसाठी, याहून चांगला मुलूख शोधायला लांब जायची गरज नाही. पण नवीन मंडळी सायकल निवडण्यात दोन महिने घालवतात आणि जमीन कसली आहे हे बघायला दोन मिनिटं देत नाहीत. मग त्याच त्या चुका होतात, आणि दर पावसाळ्यात त्याच निस्तराव्या लागतात.

पावसानंतर काळ्या मातीत घुसणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल.

काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात त्याच रानात हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि पहिल्या दमदार पावसानंतर तीच माती चाकाला चिकटली की सुटत नाही. टायरवर थर, थरावर वाळलेलं गवत, त्यावर पुन्हा थर. शंभर पावलांत चाक आणि फ्रेम यांच्यामधली फट भरते आणि चाक फिरायचं थांबतं.

एकदा जूनमध्ये आम्ही तिघं नांदूर मध्यमेश्वरहून निफाडकडे परत येत होतो. आदल्या रात्री पाऊस झालेला. बरोबरच्या एका तरुण मुलाला नकाशात एक पाणंद दिसली. डांबरी रस्त्यापेक्षा दोन किलोमीटर कमी. मी नको म्हटलं, तिसऱ्यानेही नको म्हटलं. तो म्हणाला, वरून तर सुकलेली दिसतेय. वरून ती सुकलेलीच होती. साय धरावी तशी पापुद्रा धरलेली. दीडेकशे मीटरवर त्याचं मागचं चाक जड झालं. तिथे उतरायला हवं होतं. तो उभा राहून जोर लावत राहिला. चिखलाचा गोळा साखळीबरोबर मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागात गेला, साखळी अडकली, त्याने आणखी एक पॅडल हाणलं, आणि डिरेलर वर ओढला जाऊन आऱ्यांत शिरला. डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा हँगर तुटला, दोन आरे गेले, डिरेलरचा पिंजरा वाकला. सगळं मिळून तीन सेकंदांचं काम.

पुढचा तास आम्ही बांधाशी बसून बाभळीच्या काडीने माती उकरत होतो. शेजारच्या मळ्यातल्या काकांनी पाण्याची कळशी आणून दिली. डिरेलर काढला, तुटके आरे शेजारच्या आऱ्यांना गुंडाळले, चेन टूलने साखळी तोडून आखूड केली, क्विक लिंकने, म्हणजे साखळी जोडायच्या सुट्या कडीने जोडली आणि सायकल एकाच गिअरवर निफाडपर्यंत आणली. हे जमलं कारण चेन टूल आणि क्विक लिंक तिसऱ्याच्या पिशवीत होती. ज्याने पाणंद निवडली त्याच्याकडे फक्त मोबाइल आणि एनर्जी जेल होतं. दोन किलोमीटर वाचवायला गेलेला मुलगा नंतर तीन आठवडे सायकलशिवाय होता, कारण हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि त्याचा मागवावा लागला.

माझी सवय सांगतो. पाणंदीच्या तोंडाशी उतरायचं, टाच दाबून खालची माती वर काढायची आणि बोटांत वळायची. तिची गोळी झाली तर मागे फिरायचं, त्यावर चर्चा नाही. मोठ्या पावसानंतर दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय मी निफाड-सिन्नरच्या काळ्या रानात जात नाही. त्या दिवसांत पश्चिमेचे मुरमाड रस्ते बरे, त्यांचा निचरा लवकर होतो. आणि चुकून अडकलातच तर पॅडल पुढेही मारू नका, मागेही मारू नका. सायकल खांद्यावर घ्या आणि चालत बाहेर या. आपल्या फ्रेमचा जादा हँगर घरात नको, सायकलवरच्या पिशवीत हवा.

रोड बाइकची हवा

आपल्याकडे सायकलिंग वाढलं ते डांबरावर. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली आणि शहरातले कितीतरी लोक सायकलवर बसले. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण त्या वळणातून आलेले लोक ग्रॅव्हलच्या 40 मिलिमीटरच्या टायरमध्येही 60-70 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा ठोकतात. मग खडीवर सायकल उड्या मारते, हात बधिर होतात आणि चढावर मागचं चाक जागीच फिरतं. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) असेल तर पुढे 30 आणि मागे 34-35 च्या आसपास पुरते. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा, नाहीतर दगडावर ट्यूब चेपून फाटेल. तिथून दोन-दोनने कमीजास्त करत आपला आकडा आपणच शोधायचा.

काटे

दिवाळीच्या सुमाराला सराटे वाळतात. पिवळ्या फुलांची ही वेल रस्त्याच्या कडेला पसरलेली असते, आणि कडेला थांबून फोटो काढणाऱ्याच्या टायरमध्ये तिचा काटा हमखास जातो. ट्यूबलेस करा, पण सीलंट, म्हणजे टायरच्या आतून भोक बुजवणारं द्रव, एकदा घातलं की झालं असं समजू नका. नाशिकच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर भरा.

आणि ट्यूबलेस टायरमध्ये वाटेत ट्यूब घालायची वेळ आली तर आधी टायर आतून बोटांनी पूर्ण चाचपा. सीलंटने गपचूप झाकलेले पाच-सात काटे आत टोचून असतात. ते न काढता ट्यूब घातली की पहिली ट्यूबही गेली आणि दुसरीही. ही घाई मी लोकांना पुन्हा पुन्हा करताना बघतो, आणि दर वेळी ट्यूब माझी जाते.

बांधावरून सायकल घालणं

ही चूक सायकलची नाही, म्हणून कुणी तिच्याबद्दल लिहीत नाही. मला ती सगळ्यात जास्त लागते.

ॲपवरच्या मार्गात पायवाट दिसते. प्रत्यक्षात तो भातखाचराचा बांध असतो. हरसूलकडच्या पट्ट्यात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत खाचरात पाणी कोंडून धरलेलं असतं, आणि ते धरणारी भिंत म्हणजे हा हातभर रुंदीचा मातीचा बांध. त्यावरून एका पाठोपाठ पाच सायकली गेल्या की मधोमध घळ पडते. एका गटाला अशाच बांधावर एका आजींनी अडवलं, तेव्हा मी मागून आलो. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसून चिखलाचा लपका उचलून घळीत दाबत म्हणाल्या, “बाळा, चाकाची चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाट काढतं. मंग आवणी कशावर करू?” गटातल्या एकाने त्यांना शंभराची नोट द्यायला काढली. त्यांनी ती घेतली नाही. आम्ही सायकली आडव्या टाकून बांध लिंपायला लागलो, तेव्हा कुठे त्या बोलायला लागल्या, आणि वर गावातून जाणारा बैलगाडीचा रस्ता त्यांनीच दाखवला.

बांध आला की उतरा. सायकल उचलून चाला, आणि जवळ कुणी असेल तर आधी विचारा. गावात शिरताना वेग चालण्याइतका करा, राम राम घाला. रस्त्यावर धान्य किंवा नागली वाळत घातली असेल तर कडेने चालत जा. घरांचे, पाणी भरणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढू नका. ज्या गावातून आपण जातो त्याच गावातून पुढच्या रविवारी दुसरा कुणी जाणार असतो, आणि त्याला कसं वागवलं जाईल ते आपण आज ठरवून येतो.

बाकीच्या, थोडक्यात

पाणी : इगतपुरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो म्हणून एप्रिलमध्ये पाणी मिळेल असं धरू नका. त्या डोंगरांत पाणी टिकत नाही, आणि उन्हाळ्यात कित्येक पाडे टँकरवर असतात. आपलं पाणी आपण न्या, त्यांच्या हंड्यातलं मागू नका.

फरशी पूल : वरून पाणी वाहत असेल तर थांबा, घोटाभर असलं तरी. पाणी ओसरल्यावर शेवाळ राहतं, तेव्हा चालत जा.

गिअर : पुढे 40 दात्यांची चकती आणि मागे सगळ्यात मोठी 36 दात्यांची घेऊन वाघेऱ्याच्या बाजूच्या कच्च्या चढावर जाणं म्हणजे गुडघ्यांशी वैर. पुढे 38 किंवा त्याहून लहान, मागे 42 तरी हवं.

मिसळ : परत आल्यावर.

रेंज : पेठ-सुरगाण्याच्या आत मोबाइलवर भिस्त ठेवू नका. नकाशा उतरवून घ्या आणि गावांची नावं क्रमाने कागदावर लिहा. लोक रस्ता गावांच्या नावाने सांगतात, ॲपच्या रेषेने नाही.

ब्रेक : ओल्या मुरमाची कचकच डिस्कचे पॅड झपाट्याने खाते. पावसाळ्यात प्रत्येक राइडच्या आदल्या रात्री बॅटरी लावून पॅड बघा. मिलिमीटरभरच उरलं असेल तर सकाळी निघू नका, आधी बदला. उतारावर वळणाच्या आधी ब्रेक दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा. सुट्या खडीवर वळता वळता पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक आधी निसटतं, आणि मग सावरायला वेळ मिळत नाही.