जुन्या गाडीचं सस्पेन्शन बसवताना ग्रीस कुठे लावायचं, कुठे नाही

गोव्यात समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीचा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची भुजा) उतरवताना बोल्ट बुशच्या (सांध्यात बसणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या मऊ गोल तुकड्याच्या) लोखंडी नळीत गंजून धरलेला असतो. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. म्हणून बसवताना बोल्टच्या गुळगुळीत दांड्यावर अँटी-सीझचा (धातू गंजून धरू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात फिरवा. आटे मात्र कोरडेच ठेवा, कारण वंगण लागलं की त्याच टॉर्कला (पान्याने आवळण्याच्या ठरावीक जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो.

रबरी बुशला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीच लावू नका. त्याने रबर फुगतं, मऊ पडतं, काही महिन्यांनी बोटाला चिकटतं. प्रेसने बसवायला साबणाचं पाणी पुरतं. ते वाळलं की बुश जागा धरतो. पॉलियुरेथेनच्या बुशला मात्र सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर तो कुरकुरणार.

बॉल जॉइंटची (आर्मच्या टोकाच्या, चाकाकडच्या गोळीच्या सांध्याची) निमुळती पिन आणि तिचं भोक चिंधीने पुसून कोरडं ठेवा. तिथे ग्रीस राहिलं तर नट आवळताना पिनच गोल फिरते. निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असलेल्या जॉइंटला लिथियम ग्रीस भरा: आधी निपल पुसा, मग ग्रीस गन हळू दाबा. बूट (जॉइंटवरची रबरी टोपी) किंचित फुगला की थांबा. फाटलेल्या बुटातून लाल चिखल आत जातो आणि जॉइंट संपतो.

आर्मचे बोल्ट आधी नुसते धरवा. गाडी चाकांवर उतरवून, थोडी हलवून मगच टॉर्क द्या. जॅकवर आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.